उन्हाचा सातबारा

दोस्तांनो, मी पोटासाठी ऊन बसवतो. दुसऱ्यांच्या गच्चीवर.

आयटीआयचा वायरमन आहे मी. चार वर्षं झाली, एका सौर ठेकेदाराकडं रोजावर राबतोय. पंचवीस-पंचवीस किलोची पॅनेलं खांद्यावर घ्यायची, वर न्यायची, अँगल ठोकायचे, वायरी ओढायच्या, इन्व्हर्टर लावायचा, की झालं काम. मागच्या एप्रिलात पूर्व उपनगरातल्या एका बावीस मजली टॉवरवर होतो. वॉचमन आपलाच, जालन्याकडचा. तोच कानाशी येऊन म्हणाला, 'भाऊ, मोठ्या लिफ्टनं नका जाऊ, चेअरमन बोंबलतो. सामानाच्या लिफ्टनं जा.' गेलो. सामानच की आम्ही.

दुपारी दोनला टाकीच्या सावलीत भाकर सोडली आणि खाली बघितलं. खाली माझी वस्ती. निळी ताडपत्री, गंजलेले पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले टायर नि विटा, मधूनच एखादी निळ्या झेंड्याची काठी. त्यातला एक पत्रा माझ्या खोलीवरचा. त्याखाली त्या वेळी माझी आई ओला पंचा डोक्यावर टाकून मणी ओवत बसलेली. ऊन वरही तेच, खालीही तेच. वर त्याची वीज होते, खाली त्याचा घाम होतो. एवढाच फरक. आणि ह्या एवढ्याशा फरकाला हे लोक विकास म्हणतात.

माझी खोली दहा बाय बाराची. भाड्याची, माळ्यावरची. खाली खोलीमालक, वर आम्ही चारजण. एक किलोवॅटच्या पॅनेलांना शंभर चौरस फूट जागा लागते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. म्हंजे माझ्या पत्र्यावर हिशेबानं एक किलोवॅट मावतं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, महिन्याला शंभरावर. माझं घर महिन्याला साठ-सत्तर युनिटं जाळतं. सूर्य माझ्या डोक्यावर माझ्या गरजेच्या दुप्पट ओततोय, आणि मी खोलीमालकाच्या सबमीटरला युनिटमागं बारा रुपये मोजतोय. कंपनी त्याला काय दर लावते ते बिल त्याच्या कपाटात असतं. विचारलं तर खोली खाली करा म्हणतो.

मग बसव ना बाबा पॅनेल, तू तर स्वतः वायरमन! असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. पत्रा माझा नाही. मीटर माझं नाही. आणि ज्या लाकडी वाशांवर तो पत्रा उभाय ते वासे माणसाचं वजन झेलत नाहीत, अँगल कसले झेलणार?

आता सरकारी योजना बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं पीएम सूर्यघर मोफत वीज योजना आणली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये, महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वीज फुकट. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं ३०,००० रुपये अनुदान, तीन किलोवॅटला एकूण ७८,०००. पैसा सार्वजनिक. त्यात माझ्या आईनं घेतलेल्या साबणावरचा करही आला. अट काय? स्वतःचं घर पाहिजे, त्याला पॅनेल बसेल असं छप्पर पाहिजे, घरावर वीजजोडणी पाहिजे.

जात विचारत नाहीत. बरोबर आहे. छत विचारतात. आता मला सांगा, ह्या देशात जात आणि छत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? गावकुसाबाहेर ज्याला ढकललं त्याच्या झोपड्याचा उतारा कुणी कधी काढला? माझा आजा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून फोडून हात सोलवटल्यावर मुंबईला आला. खाडीच्या चिखलात भराव टाकून त्यानं दहा पावलं जागा उभी केली. ती एकदा बुलडोझरनं गेली, एकदा कर्जात गेली. तिसऱ्या पिढीत मी भाडेकरू. माझ्या शेजारी मातंग, पलीकडं वडार, समोर मुसलमान, माळ्यावर बिहारी पोरं. २०११ च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ४२ टक्के माणसं झोपडपट्टीत मोजली गेली. ह्या ४२ टक्क्यांना सोडून जी योजना निघते तिला जातीचं नाव लावायची गरजच काय? ती आपोआप जातीच्या खाचेतून वाहते. पाण्याला उतार लागतो तसा.

आपले काही शहाणे म्हणतात, थांबा रे, पुनर्वसनाची बिल्डिंग होऊ द्या, मग तुम्हालाही काँक्रीटची गच्ची मिळेल. चला, थांबलो. हिशेब करू. धरा बावीस मजले, मजल्यावर आठ घरं, झाली १७६ कुटुंबं. गच्ची धरा चार हजार चौरस फुटांची. त्यातली निम्मी पाण्याच्या टाक्यांत, लिफ्टच्या खोलीत आणि त्यांच्या सावलीत गेली. उरलेल्या दोन हजारांवर वीस किलोवॅट बसतं. महिन्याला २,४०० युनिटं. १७६ घरांत वाटा. घरटी तेरा-चौदा युनिटं. आणि हाकेच्या अंतरावर एका बंगल्यात एकच कुटुंब तीनशे फुटांवर तीन किलोवॅट लावून महिन्याला साडेतीनशे युनिटं घेतंय. अनुदानाचंही तेच. सोसायटीला जिना, पंप, लिफ्ट असल्या सामायिक कामासाठी किलोवॅटमागं १८,००० रुपये. वीस किलोवॅटचे झाले ३,६०,०००. घरटी भागिले तर २,०४५ रुपये. बंगल्याला ७८,०००. हा एकाच योजनेतला, एकाच पिनकोडवरचा भाव आहे. दळभद्री नशीब नव्हे, भागाकार आहे हा!

पण दोस्तांनो, खरं राजकारण गच्चीवर नाही. ते रस्त्याकडेच्या पिंजऱ्यात आहे, ज्यावर कवटी काढलेली असते आणि पोरं ज्याच्या जाळीला टेकून क्रिकेट बघतात. ट्रान्सफॉर्मर. गावाकडची डीपी.

नीट समजून घ्या, कारण हे आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. बंगल्यावरची वीज दुपारी वापरून उरली की नेट मीटरमधून उलटी तारेवर जाते. त्या तारेवर आजूबाजूचे फ्रिज-पंखे चालतात. बंगलेवाल्याच्या खात्यावर तेवढी युनिटं जमा होतात आणि रात्री तो ती वळती करून घेतो. म्हंजे त्याची तिजोरी गच्चीवर नसते, तारेवर असते. ती तार, तो खांब, तो ट्रान्सफॉर्मर सगळ्यांच्या बिलांतून उभा राहिलेला असतो. पण एका ट्रान्सफॉर्मरवर किती सौर वीज उलटी चढवायची याला मर्यादा असते. जास्त चढली तर व्होल्टेज वाढतं, इन्व्हर्टर बंद पडतात. म्हणून आपल्या राज्याच्या वीज नियामक आयोगानं २०१५ च्या नियमांत ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांची हद्द घातली होती. २०१९ च्या नियमांत ती ७० टक्के केली. जो आधी येईल त्याला जागा. आधी कोण येणार? ज्याच्याकडं छत आहे, कागद आहे, पैसा आहे, तो. आपण कधी येणार? ट्रान्सफॉर्मर भरल्यावर.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ग्राहक हक्कांचे नियम आणखी सैल केले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी नको. पाच किलोवॅटपर्यंतच्यासाठी तारा-ट्रान्सफॉर्मर वाढवावा लागला तर तो वितरण कंपनीनं स्वखर्चानं वाढवायचा. ऐकायला गोड आहे. पण कंपनीचा स्वखर्च कुणाच्या खिशातून येतो? दरातून. दर कोण भरतं? आपण. आणि बघा हं, ज्याला एकट्याला छत आहे त्याचा तीन किलोवॅटचा अर्ज सुळकन पुढं जातो. ज्या पन्नास घरांना छत नाही, त्यांनी एकत्र येऊन कुठल्या तरी मोठ्या छतावर पन्नास किलोवॅट मागितलं, तर ते 'मोठं' ठरतं. त्याची तपासणी. त्याची फाइल. त्याला 'ट्रान्सफॉर्मरवर जागा नाही.' एकट्या श्रीमंताला दार उघडं आणि एकत्र आलेल्या गरिबाला चौकशी!

आपल्याला हे काय नवं आहे? १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांनी ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तळ्यातलं पाणी ओंजळीत यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७. कागद आणि ओंजळ यांच्यामधलं अंतर आपल्या जातीला पाठ आहे. मी म्हणतो, ट्रान्सफॉर्मर हे आजचं तळं आहे. कुणी 'शिवू नका' अशी पाटी लावलेली नाही. 'भरलं' अशी पाटी लागणार आहे.

आता तीन आक्षेप येतील. आधीच निस्तरतो.

पहिला आक्षेप पांढरपेशांचा. म्हणे तुमच्या वस्तीत आकडे टाकतात, आधी चोरी थांबवा. अरे, ज्याला स्वतःच्या नावानं मीटर मिळत नाही, ज्याला बारा रुपयांनी सबमीटरची वीज विकली जाते, त्याला आधी सरळ मीटर द्या आणि मग चोरीवर प्रवचन झोडा. आकड्याची तार जळून मरतं कोण? आमचंच पोर.

दुसरा आक्षेप आपल्या डाव्या मित्रांचा. म्हणे सौर वीज हे श्रीमंतांचं खेळणं, त्यालाच विरोध करा. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक तुकडा आहे. आपल्याकडं वरच्या टप्प्यातल्या ग्राहकाला जास्त दर आणि खालच्याला कमी. शंभरच्या आतल्या युनिटांचा दर खाली राहतो तो वरच्यांच्या जोरावर. तो वरचाच छतावर पॅनेल लावून बिलातून निसटला, की तारांचा खर्च खाली सरकतो. पण म्हणून काय करायचं? सूर्य झाकायचा? विहीर त्यांनी बाटवली म्हणून आपण तहानेचं व्रत घ्यायचं काय? मला ते मान्य नाही. मला पाणी पाहिजे.

तिसरा आक्षेप सरकारी. २०२५ साली राज्यानं 'स्मार्ट' नावाची छतावरच्या सौर विजेची योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि महिन्याला शंभरच्या आत युनिटं वापरणाऱ्यांना वाढीव अनुदान, त्यात अनुसूचित जाती-जमातींना आणखी जास्त. चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. गावाकडं ज्याच्या नावावर घरकुल आहे त्यानं ती जरूर घ्यावी. पण ती योजनाही शेवटी छतापाशीच येऊन थांबते. टक्का वाढवला, अट तीच ठेवली. छत नसलेल्याला छतावरचं अनुदान वाढवून देणं म्हणजे चप्पल नसलेल्याला पॉलिश फुकट.

बाबासाहेबांचे फोटो आपण विजेच्या माळांनी सजवतो. पण बाबासाहेब विजेबद्दल काय बोलले हे किती जणांनी वाचलंय? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचं धोरण त्यांच्या खात्याकडं होतं. १९४३ साली वीज धोरणाच्या समितीपुढं त्यांनी मांडलेला मुद्दा सरळ होता. ह्या देशातली गरिबी हटवायची तर उद्योग पाहिजेत, आणि उद्योग पाहिजेत तर वीज मुबलक आणि स्वस्त पाहिजे. वीज कुणाच्या मालकीची, सरकारच्या की खाजगी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये तर पायाभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत असं लिहून ठेवलं. त्यांना वीज सगळ्यांच्या मालकीची पाहिजे होती. आज ती छताछतावर फुटतेय. फुटू द्या, हरकत नाही. पण फुटताना तिचे तुकडे पुन्हा त्याच सातबाऱ्यांवर पडणार असतील तर मग आपण १४ एप्रिलला रोषणाई कसली करतो? आपले पुढारी वस्तीत हायमास्ट दिवे आणतात, खांबावर स्वतःचं नाव रंगवतात. त्यातल्या एकानं तरी कधी विचारलं काय, की आपल्या वस्तीचा ट्रान्सफॉर्मर किती क्षमतेचा आणि त्यावर कुणाकुणाची सौर वीज चढलीय?

वाट आहे. इतरांनी काढलीय. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानं २०१९ साली नियम केले. पॅनेलं एका ठिकाणी लावायची आणि त्यांची वीज अनेकांच्या मीटरवर वाट्यानुसार वळती करायची. छत एकाचं, वीज अनेकांची. केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या सूचनांतही अशी सामूहिक पद्धत मान्य आहे. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्यातून गरीब भाडेकरूंच्या इमारतींसाठी योजना आली. तिथं निम्म्याहून जास्त वीज भाडेकरूंच्या बिलातच जमा करावी लागते, मालकानं गिळायची नाही. ब्राझीलनं २०१५ साली सौर वीज वाटून घ्यायला नियमात मान्यता दिली, आणि रिओच्या बाबिलोनिया फावेलात, म्हंजे त्यांच्या डोंगरावरच्या झोपडपट्टीत, २०२१ साली रहिवाशांची सौर सहकारी संस्था उभी राहिली. पॅनेलं रहिवासी संघटनेच्या इमारतीवर. काळ्यांच्या झगड्यातून नाव घेऊन १९७२ साली ह्या मुंबईत आपली पोरं उभी राहिली होती. नाव घेतलं, आता हेही घ्या.

आम्ही पाच पोरांनी काय केलं ते सांगतो. वस्तीला लागून महापालिकेची शाळा आहे. तिथल्या शिपायाला चहा पाजला आणि टेपनं गच्ची मोजली. सहा हजार चौरस फूट मोकळी, एक झाड नाही, एक सावली नाही. साठ किलोवॅट. महिन्याला सात हजार दोनशे युनिटं. आमच्या गल्लीत १२० घरं. घरटी साठ युनिटं. च्यायला, आमचं बिलच संपतं! शाळेला उन्हाळ्याची सुटी असते, नेमकं ऊन कडक असतं तेव्हा ती गच्ची नुसती तापत पडते. कागदावर आकडे नीट मांडले आणि वीज कंपनीच्या हपिसात गेलो. खिडकीतल्या साहेबानं कागद वाचलाच नाही. 'छत कुणाच्या नावावर आहे?'

म्हटलं, 'महापालिकेच्या.'

'मग तुझा काय संबंध? छताचा कागद आण, टॅक्सची पावती आण, मग बोल.'

म्हटलं, 'साहेब, वीज छतातून निघत नाही, उन्हातून निघते. उन्हाची पावती कुठं मिळते?'

तो हसला. मागच्या रांगेतलेही हसले. मी नाही हसलो. त्या हसण्यात मला महाडचं तळं दिसलं.

म्हणून मी मागणी मांडतो. तुम्ही तिच्यात भर घाला.

१. वस्तीलगतच्या शाळा, मंडया, आगारं, सरकारी कचेऱ्या यांच्या छतांवर पहिला हक्क त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या छत नसलेल्यांचा. वीज त्यांच्या मीटरवर वळती करा.

२. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर सौर विजेची जेवढी जागा आहे, तिचा वाटा वस्तीतल्या घरांच्या प्रमाणात राखून ठेवा. आधी येईल त्याला मिळेल हा न्याय धावण्याच्या शर्यतीत. ज्याचे पाय बांधलेत त्याला नाही.

३. पन्नास घरांनी मिळून मागितलेलं पन्नास किलोवॅट हे एक मोठं प्रकरण नाही, पन्नास छोटी घरं आहेत. एकट्याला जी सवलत तीच सामूहिक अर्जाला द्या. ट्रान्सफॉर्मर वाढवायचा खर्चही तसाच कंपनीनं करावा.

४. अनुदान किलोवॅटवर नको, कुटुंबावर द्या. बंगल्यातलं कुटुंब आणि पुनर्वसनाच्या अठराव्या मजल्यावरचं कुटुंब एकाच मापानं मोजा.

५. भाडेकरूला त्याच्या नावाचं मीटर. बिल भरतो तो ग्राहक. पत्रा कुणाचा हे विजेनं विचारू नये.

हे मागायला मंत्रालयावर जायलाच पाहिजे असं नाही. २००३ च्या वीज कायद्यानं दरवाढीच्या प्रस्तावावर हरकत घ्यायचा हक्क आपल्याला दिलाय. आयोग जाहीर सुनावणी घेतो. तिथं उद्योगवाल्यांचे वकील येतात, सोसायट्यांचे फेडरेशनवाले येतात. आपला माणूस दिसत नाही. पुढच्या सुनावणीला वस्तीतली दहा पोरं, दहा बाया जाऊन बसू द्या. हरकत मराठीत लिहा, हातानं लिहा, पण लिहा. त्याच्या आधी एक काम करा. उद्या सकाळी आपापल्या वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जा, त्यावर रंगवलेला नंबर लिहून आणा. जवळची सरकारी गच्ची मोजा. गल्लीतली घरं मोजा. खोलीभाड्याची कुठली, मीटर कुणाच्या नावावर, सगळं वहीत उतरवा. विहाराचं छत पक्कं असेल तर तिथूनच सुरुवात करू. वायरमनची काळजी सोडा, मी आहे. माझ्यासारखे शेकडो आहेत. शहराच्या सगळ्या गच्च्या आम्हीच उजळल्यात.

त्या टॉवरचं काम संपलं त्या दिवशी मी खटका ओढला आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. सेक्रेटरीनं पेढा दिला. घरी आलो तर वस्तीतली लाईट गेलेली. आई दारात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेली. म्हणाली, 'काय रे, आज काय बसवलंस?'

मी सांगितलं नाही.

जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा आपण वेशीबाहेर होतो. गिरण्यांच्या जागा वाटल्या गेल्या तेव्हा आपण संपातून घरी येत होतो. उन्हाचा सातबारा अजून पुरता कुणाच्या नावावर चढलेला नाही. तलाठी लेखणी घेऊन बसलाय. तो लिहायच्या आत तिथं पोचू.

जय भीम.